बसल्या जागी

सोमवारी वजनं, मंगळवारी भिंत चढणं, बुधवारी पोहणं,
गुरुवारी स्की.
फळ्यावर हे सगळं मीच लिहिते,
आणि दर आठवड्याला कुणीतरी एक अक्षर पुसून
त्याचं काहीतरी अचकटविचकट करून ठेवतं.
शुद्धलेखन अचूक असतं, म्हणून मी तसंच राहू देते.

पोरं मला शिट्टी म्हणतात. तोंडावरसुद्धा.

स्कीच्या काठ्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या.
अठरा गेल्या, अठरा आल्या.
उड्या मारायच्या दोऱ्या कुलपात.
का, ते नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगतात;
त्या दुपारी तो जेवत नाही.

या हिवाळ्यात पट्टे आले.
काळे, जरा ओले करून छातीला बांधायचे,
की माझ्या पडद्यावर नावापुढे आकडा उमटतो:
मिनिटाला किती ठोके.
हिरवा, पिवळा, लाल.
सेल्मा चढावर एकशे ब्याऐंशी.
एस्को, ज्याला म्हणे दम लागतो, त्र्याऐंशी.
"खोटारड्या, झाडामागे बसलायस तू,"
मी वॉकीटॉकीवर ओरडले.
तिकडून हसू आलं, आणि हसण्यानं आकडा शंभरावर गेला.

वेइक्को पंधरा वर्षांचा.
फायली मी वाचत नाही, गुडघे बघते.
गुडघे चांगले आहेत.
शेऱ्याच्या रकान्यात मी शरद ऋतूपासून लिहीत आलेय:
अंग चोरतो.

रविवारी दोन ते चार घरचे फोन.
मी ऑफिसात, राईची कडक भाकरी चावत
आठवड्याचा तक्ता भरत होते.
पडद्यावर एकच नाव अजून जिवंत होतं.
वेइक्को. शहाण्णव.
सकाळच्या फेरीनंतर पट्टा काढायचा विसरला असणार.
एकशे अठरा.
वाटलं, खोलीत दंड काढतोय पोरगा.
एकशे चौतीस.
उठून दार उघडलं.

बाकावर होता. दोन्ही तळवे मांड्यांखाली,
एका पायात मोजा, दुसरा कुठे कोण जाणे.
भिंतीवरच्या फोनला चिकटून सेल्मा
आईशी कुत्र्याच्या दाताबद्दल बोलत होती,
सविस्तर.
तिनं ठेवला. लगेच वाजला.
मी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. एकशे त्रेसष्ट, लाल.
फोन एस्कोचा होता.
वेइक्कोनं त्याला हाक मारली,
तो येईपर्यंत रिसीव्हर हातात धरून उभा राहिला,
देताना वायरचा पीळ सोडवून दिला.
एकशे एकाहत्तर.
चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

असे किती रविवार झाले, मी बोटांवर मोजले.
मग मोजायचं सोडलं.

चारला मशीननं विचारलं, सत्र साठवायचं का?
वेळ: दोन तास. सरासरी: एकशे एकेचाळीस.
अंतर: शून्य.

एवढ्या चढावरून आलेल्याला एकदम थांबवत नाहीत.
चालवतात, हळूहळू, श्वास खाली येईपर्यंत.
हे मी पंचवीस वर्षं शिकवतेय.
भांडारातून दोन जोड काढले.
काठ्या मोजल्या नाहीत.

"चल, तळ्यापर्यंत."
"आज रविवार आहे."
"माहितीये."

कायनूत चार वाजता रात्रच असते.
उणे अठरा. बर्फ पायाखाली कोरडा, करकरता.
कपाळावरच्या दिव्यापुढे आमच्या वाफा,
बोलणं नाही.
तळ्याच्या मध्यावर तो थांबला,
जाकिटावरून छाती चाचपली.
"शिट्टी. पट्टा राहिला अंगावर."
"हं."
"म्हणजे दुपारभर तू बघत होतीस?"
"बॅटरी संपली होती त्याची."

दिवा माझ्या डोळ्यांवर धरून
तो बराच वेळ बघत राहिला.
"खोटारडी," म्हणाला,
आणि काठ्या रोवून जो निघाला
तो पलीकडच्या काठापर्यंत मला सापडला नाही.

माझे गुडघे चांगले नाहीत.